अहिवाऱ्याची अन्नपूर्णा

पावर हाउस, भिलाई
७ जानेवारी २०२४

कमला,

जयभीम. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र चुलीत घालशील असं तुझ्या भावाला वाटेल. मला नाही वाटत. तू आधी वाचशील, मग घालशील. एवढी तरी तुला ओळखतो.

फोन तू उचलत नाहीस. भय्याजी उचलतात, पण स्पीकरवर टाकून उचलतात. मागच्या वेळी मी 'हॅलो' म्हटलं तेव्हा पलीकडे कुकरची शिट्टी झाली, वहिनी खोकल्या, टीव्हीवर कोणाची तरी सासू रडत होती, आणि तू पोळपाट सरकवलास. लाटणं थांबलं तेही ऐकू आलं मला. अख्ख्या घरासमोर मी काय बोलणार? पत्राला स्पीकर नसतो म्हणून पत्र.

जरा नीट मराठीत लिहायचा प्रयत्न करून राहिलो. माझी शाळा हिंदीची, मराठी लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा चुका तुझ्या नावावर मांड. मधेमधे बोलणं घुसेल, सांभाळून घे.

घर ठीक आहे. कढीपत्त्याला पाणी घालतो. फ्रिज घरघर करतो, पण त्याला हात लावायची इच्छा होत नाही. दुकानात दिवसभर लोकांच्या मोटरी भरतो, तांब्याची तार ओवतो, माझ्या घरातलं यंत्र मात्र तसंच. पायलला काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं आई भंडाऱ्याला मामाकडे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी राहिली आहे. परवा फोनवर म्हणत होती, 'पप्पा, एवढे दिवस कोणता डोळा आहे तो?' हुशार आहे, तुझ्यावर गेली.

डिसेंबरात मी काही दिवस दवाखान्यात होतो. छातीत जरा भरून आलं होतं. नळी टाकली, आता चालतो-फिरतो. डॉक्टरीणबाईनं मीठ बंद केलं आहे. काळजीचं काही नाही, फक्त जेवण म्हणजे ओली माती.

आता खरं काम. अन्नपूर्णा.

धम्मचक्र दिनानंतरच्या त्या रविवारी विहाराच्या बैठकीत, सगळ्या समाजासमोर बाबारावदादांनी मला विचारलं, की अहिवाऱ्याला तुझी बाई आहे का. मी म्हटलं, 'हाव, आहे.' नाव विचारलं तर म्हटलं, 'अन्नपूर्णा.' तू बायकांच्या सतरंजीवर दुसऱ्या ओळीत बसली होतीस.

कमला, अशी बाई नाही. म्हणजे नाव आहे, पण ते पाटीवर आहे. अहिवाऱ्याच्या बस स्टँडजवळ अन्नपूर्णा भोजनालय आहे, मी तिथे बाकावर बसून जेवायचो, समोर ती पाटी. विचारल्याबरोबर तोंडातून तेच निघालं. दुसऱ्या दिवशी तू तिथे जाऊन ज्या बाईच्या अंगावर भांडी फेकलीस, त्या गयाबाई. त्या भोजनालय चालवतात. त्यांचा माझा संबंध वरण-भाताचा.

मग मी तिकडे जातच कशाला होतो, असं तू विचारशील. ते लिहायला घेतलं होतं, पान फाडलं. काम होतं असं समज. आणि घरी ये.

प्रेमानंद


पावर हाउस
१९ जानेवारी २०२४

कमला,

उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे घेतलंस. 'काम होतं' एवढ्यावर तू यायची नाहीस हे मला पाकीट डब्यात टाकतानाच कळलं होतं. नवऱ्याचं खोटं ऐकायला तुला माझ्यासारखे कान लागत नाहीत.

लिहितो. चहा दोनदा थंड झाला.

दोन वर्षं झाली, माझ्या अंगाला ताठरपणा येत नाही. पुरुष म्हणून मी बंद पडलो आहे. झालं, लिहिलं.

आधी मी थकलो म्हणायचो. मग पाठ म्हणायचो. मग बाहेरच्या खोलीत कूलरसमोर झोपायला लागलो, आणि स्वेटरचे दिवस आले तरी बंद कूलरसमोरच झोपलो. तू विचारलंस, 'माझं काही चुकलं का वो?' मी म्हटलं, 'नाही, तू घोरतेस.' तू घोरत नाहीस. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावून कोणतं बेअरिंग खातं ते सांगणारा माणूस मी, मला तुझा श्वास माहीत नसेल? त्यानंतर तू तोंडावर पदर घट्ट लावून झोपायला लागलीस, आवाज होऊ नये म्हणून. ते मी पाहिलं होतं.

तू म्हणशील, दवाखान्यात जायचं होतं. गेलो होतो. सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे पर्ची काढताना काचेच्या भोकाला तोंड लावून आजार सांगावा लागतो, म्हणजे कोणत्या खोलीत पाठवायचं ते ठरतं. आतली बाई म्हणाली, 'क्या तकलीफ है? जोर से बोलिए.' माझ्या मागे आपल्याच कॅम्पातले, आपल्या वस्तीतले दोघं उभे. मी म्हटलं, 'कमर.' तिनं मला हाडांच्या लायनीत लावलं.

तिथे ओमप्रकाशनं पकडलं. त्यांचा पंप सांभाळणारा. 'अरे उस्ताद! आप लाइन में काहे खड़े हो? ऊपर की टंकी सुबह से सूखी पड़ी है, आप तो देवता बन के आ गए!' हात धरून गच्चीवर घेऊन गेला. कपॅसिटर उडाला होता. बदलून खाली आलो तर ओपीडी उठलेली. नर्सबाईंनी मला चहा पाजला. पेशंट म्हणून गेलो आणि मिस्त्री होऊन परत आलो.

दुसऱ्यांदा जिद्दीनं गेलो. ओमप्रकाशला चुकवून डॉक्टरच्या खोलीपर्यंत पोचलो. पोरगेलासा डॉक्टर, बोलणं हळू. मी काही न सांगता त्यानं स्वतः उठून दार लावलं. 'बताइए अंकल.' वरती पंखा कटकट करत होता. मी ऐकत बसलो. तो म्हणाला, 'आराम से बताइए. शुगर है? नींद? घर में सब ठीक?' मी म्हटलं, 'साहब, आपके पंखे का बुश गया है.' तो हसला. मी स्टुलावर चढलो. खालून तो बिचारा म्हणत राहिला, 'अंकल, बीपी तो दिखा दीजिए.' मी म्हटलं, अगली बार.

कमला, तिथे सगळं फुकट होतं. तपासणी, गोळ्या, आणि दार लावून ऐकणारा माणूसपण. माझ्याकडून एक वाक्य लागत होतं, तेवढं निघालं नाही.

मग मी असं गाव शोधलं, जिथे माझ्या हातची एकही मोटर चालत नाही. अहिवारा. बस स्टँडच्या मागे बिनपाटीची खोली, आत एक बैदजी. बाहेर बाकावर पाच-सात माणसं, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, आणि हसू नको, निम्म्यांच्या डोक्यावर हेल्मेट. मीपण काढत नव्हतो. बैदजी काही विचारत नव्हता. नाडी धरायचा, डोळे मिटायचा, म्हणायचा, 'समझ गया.' मला वाटतं लोक त्या दोन शब्दांसाठीच जात होते. पुडी द्यायचा आणि सांगायचा, भरल्या पोटी घ्या. म्हणून समोरचं भोजनालय.

पुडीनं सुरुवातीला काहीतरी फरक पडला. पण तो अहिवाऱ्यात पडायचा आणि घरी येईपर्यंत उतरायचा. उरायचं ते लाल तोंड आणि ठणकणारं डोकं. तू म्हणायचीस, 'पिऊन आले.' मी म्हणायचो, हाव, थोडी घेतली. म्हणजे बघ, बाईच्या आधी मी दारूपण कबूल करून ठेवली होती.

तुळसाबाईनं भोजनालयासमोर माझी गाडी पाहिली. एकदा नाही, बरेचदा. महिला मंडळाची अध्यक्ष, तिचं कामच आहे ते. आणि मग ती बैठक.

त्या बैठकीत तुला जे ऐकू आलं नाही ते सांगतो. बाबारावदादा म्हणाले, 'प्रेमानंद, घुमवू नको. बाई आहे का नाही, तेवढंच सांग.' मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग जातोस कुठे? तेवढ्यात मागे चपलांजवळ बसलेल्या पोरांपैकी एकजण दुसऱ्याच्या कानात म्हणाला, 'मान गए बे. इस उमर में.' त्याच्या आवाजात हेवा होता. दोन वर्षांत माझ्या त्या बाबतीत कोणाला हेवा वाटला नव्हता. मला तो गोड लागला. मी म्हटलं, 'हाव, आहे.'

सगळं एवढंच आहे. दुसरं काही दडवलेलं नाही.

प्रेमानंद


पावर हाउस
८ फेब्रुवारी २०२४

कमला,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन दुकानात देऊन गेला, उघडं कार्ड, त्यानं वाचलंच असणार. 'मले जे लिहिलं ते बैठकीत उभं राहून बोला. मग पुढचं पाहू. कमला.' एवढी रागात असूनही तू 'ते' काय आहे ते उघड्या कार्डावर लिहिलं नाहीस. ते मी सात-आठदा वाचलं. मग गल्ल्यात ठेवलं.

खरं आहे तुझं. मी 'हाव' म्हटलं ते एकट्यात नाही म्हटलं. त्यानं तू अख्ख्या कॅम्पात टाकलेली बायको झालीस, आणि गयाबाईच्या भोजनालयात त्यानंतर बाया जेवायला येईनाशा झाल्या. पाकिटात बंद करून सांगितलेलं खरं हे अर्धंच खरं.

पण बोलण्याआधी तुला डिसेंबरचं सांगायला हवं. मागे मी दोन ओळींत गुंडाळलं होतं.

तू गेल्यावर मी बैदजीकडे जाणं सोडलं नाही. वाढवलं. मला वाटलं, एकदा दुरुस्त झालो की सरळ भंडाऱ्याला येईन, तुला घेऊन जाईन, कोणाला काही सांगावं लागणार नाही. मोटर कधी जळाली होती का, हे चालू झाल्यावर कोणी विचारत नाही. बैदजीला म्हटलं, जरा जोरदार द्या. त्यानं दिली. मी दोन पुड्या एकदम घेतल्या आणि वरण-भाताची वाट पाहत बसलो.

मग छातीवर कोणीतरी चुन्याच्या दगडाचा ट्रक रिकामा केला. मी बाकावरून खाली. भोजनालयातली गिऱ्हाइकं उठून बाहेर गेली, लफडं नको म्हणून. गयाबाई नाही गेल्या. ज्या बाईला तू महिन्या-दीड महिन्याआधी माझ्यापायी नाही नाही ते बोललीस, तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, एकशे आठला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत तोंडानं एकच, 'कुछ नइ होय भैया, कुछ नइ होय.' सोबत ॲम्ब्युलन्समध्ये कोण बसणार म्हणाले तर तीच बसली. भाजी गॅसवर तशीच.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, 'काय घेतलं होतं?' मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, 'खोटं बोलाल तर मी जे इंजेक्शन देईन त्यानं तुम्ही मराल. आता बोला.' कमला, तेव्हा मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा, तोंडावर प्लास्टिकचा मुखवटा असताना. ती जरापण हसली नाही. पुडीत इंग्रजी गोळी कुटून घातलेली असते म्हणाली, किती घातली ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.

नळी टाकून झाल्यावर, दोन दिवसांनी तिनं खुर्ची ओढून समजावलं. शुगर माझी कधीपासूनची वाढलेली, मला पत्ता नाही. म्हणाली, जो त्रास तुम्ही लपवत होता तो वेगळा आजार नव्हता, हृदयाच्या नळ्या भरत आल्याची ती पहिली खबर होती. बारीक नळ्या आधी बंद होतात, मोठ्या मागून. दोन वर्षांपूर्वी कोणालाही सांगितलं असतं तर शुगर कळली असती, त्या त्रासाला साधी गोळी चालली असती, आणि कदाचित ही वेळ आली नसती.

मी लोकांना सांगत असतो, मोटर एकदम जळत नाही, आधी आवाज करते, तुम्ही ऐकत नाही. माझीच मोटर दोन वर्षं आवाज करत होती.

विचारलं, आता ती गोळी? म्हणाली, नाही. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची जी गोळी दिली आहे, तिच्यासोबत ती घेतली तर जीव जाईल. तो रस्ता बंद. दुसरे आहेत, रायपूरला. एक इंजेक्शन असतं, ऑपरेशन असतं, आणि एक हातानं हवा खेचायचा पंप असतो. मी म्हटलं, मॅडम, जन्मभर पंपच केले. ती यावेळी हसली. पण आधी हृदय सांभाळा म्हणाली, शुगर उतरू द्या, सहा महिन्यांनी या, आणि येताना बायकोला घेऊन या. त्याशिवाय त्यातलं काही कामाचं नाही.

तर असं आहे. शरीराचा रस्ता जवळजवळ बंद. पण तू बोलायला सांगितलंस तो उघडा आहे. या रविवारी वंदना झाल्यावर बाबारावदादांकडून दोन मिनिटं मागून घेतली आहेत. बोलतो. शब्द दिला.

प्रेमानंद


पावर हाउस
१२ फेब्रुवारी २०२४

कमला,

बोललो.

काल विहार भरलेला होता. वंदना झाली, बाबारावदादा म्हणाले, 'प्रेमानंदला काही सांगायचं आहे.' माइक शिट्टी मारत होता, तो आधी ठीक केला, मग बोललो. म्हटलं, अन्नपूर्णा नावाची बाई नाही. मी आजारी होतो, त्या आजाराची लाज वाटली म्हणून खोटं बोललो. माझ्या बायकोची आणि गयाबाईची काही चूक नाही. आजाराचं नावपण सांगितलं. मग ट्यूबलाइटच्या चोकचा आवाज तेवढा येत होता.

कोणी हसलं नाही. तुळसाबाईनं डोळे पुसले. बाबारावदादांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, 'हिंमत केली तू.' मग खीर वाटली. मी नाही घेतली, शुगर.

आता तू सांगितलेलं झालं आहे. चावी तुझ्याकडे आहेच. दार जरा उचलून ढकल, पावसानं फुगलेलं तसंच आहे. मी फ्रिज दुरुस्त करून ठेवतो.

वाट पाहतो.

प्रेमानंद


पावर हाउस
५ मार्च २०२४

कमला,

हे शेवटचं. याचं उत्तर मागत नाही.

काल अहिवाऱ्याला गेलो होतो. बैदजीकडे नाही, त्याची खोली बंद आहे, हेल्मेटवाले कुठे गेले कोण जाणे. गयाबाईकडे गेलो, माफी मागायला. ती कढई घासत होती. मी सुरू करायच्या आधीच म्हणाली, 'तुमची बाई येऊन गेली.'

तिनं तिच्या छत्तीसगढीत सांगितलं, मी आपल्यात लिहितो. मागच्या शुक्रवारी तू आलीस. सोबत भरलेली बॅग होती. तू तिच्यासाठी लुगडं आणलं होतंस, पायांना हात लावायला वाकलीस, तिनं लावू दिला नाही. तू तिच्याजवळ बसून कांदे चिरून दिलेस. माझ्याबद्दल विचारलंस, पडलो तेव्हा घाबरलो होतो का. ती म्हणाली, खूप. मग तू म्हणालीस, 'आता इथून घरी जाऊन राहिली मी. त्यायनं सगळ्यायसमोर सांगितलं.' असं म्हणताना तू हसत होतीस, असं गयाबाई म्हणाली. 'बने दिखत रिहिस.' छान दिसत होती.

घरी तर तू पोचली नव्हतीस, आणि कॅम्पात कोण आलं-गेलं ते तुळसाबाईला ठाऊक असतं, म्हणून मी तिथून सरळ तिच्या घरी गेलो. उरलेलं मला ठाऊक नव्हतं, पण आवाजावरून मोटरीत कुठे बिघाड आहे ते कळतं तसं कळलं.

तू पावर हाउसला बसमधून उतरलीस तेव्हा ती भाजी घेत होती. तुला पाहून धावत आली. तिनं वाईट म्हणून काही सांगितलं नाही, तिला काय माहीत की तू काय समजून आली आहेस. तू म्हणालीस, 'त्यायनं बैठकीत बोललं ना बाई, आता काय राहिलं.' ती म्हणाली, 'काय बोलले वो? काईच नाही बोलले. माइक ठीक करून देल्ला अन् बसून गेले.'

आता तुला खरा रविवार सांगतो. मी उभा राहिलो. 'अन्नपूर्णा' एवढं म्हटलं आणि माइकनं शिट्टी मारली. सगळे ओरडले, 'वस्ताद, तुमीच पाहा आता!' हसू झालं. मी वाकलो, मागची वायर सैल होती, ती कसली, 'हॅलो, हॅलो' केलं. आवाज स्वच्छ आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबारावदादा म्हणाले, 'हं, बोल, काय सांगत होता?' सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि त्या टाळ्या माझ्या कानात होत्या. मी म्हटलं, 'काही नाही दादा. वायर सैल होती.' आणि बसलो. खीर मात्र खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तुला लिहायला बसलो तेव्हा मी जे बोलणार होतो ते सगळं लिहिलं. लिहिताना मला ते घडलं असंच वाटत होतं. ट्यूबलाइटच्या चोकचा आवाजपण खरा वाटत होता.

तुळसाबाई म्हणाली, तिनं सांगितल्यावर तू भाजीवाल्याच्या ठेल्याला धरून जराशी उभी राहिलीस. माझं दुकान तिथून चार दुकानं सोडून. शटर उघडं होतं. तुळसाबाई म्हणाली, 'मी म्हटलं तिले, ते पाहा, दुकानातच हायेत, आवाज देऊ का? तं नाही म्हणे. कामात हायेत म्हणे.' मी कामात होतो, कमला. एका पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीला स्क्रूड्रायव्हर लावून, डोळे मिटून ऐकत होतो.

मग तू म्हणालीस, 'आजारी नवऱ्याजवळ मी राहिली असती बाई. त्यायनं मले तेवढंबी नाही राहू देल्लं.' आणि स्टेशनकडे गेलीस. नागपूरकडची गाडी लागलेली होती. ती गाडी सुटल्याचं मी दुकानात ऐकलं असणार. रोज ऐकतो.

मी तिथेच, तुळसाबाईच्या दारात उभा राहून तिला खरं सांगितलं. आजाराच्या नावासकट. तोंडावर मुखवटा नव्हता, माइक नव्हता, वर पंखाही नव्हता. निघालं, सहज निघालं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे लहान पोराकडे पाहावं तसं पाहिलं. म्हणाली, 'जाऊ द्या न भाऊ. कावून आता नवीन गोष्ट बनवता? बाई बनवली, भाषण बनवलं, आता आजार. गेली ना ती. आता कोणासाठी?' बाबारावदादाकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि विषय बदलला. जाताना म्हणाले, 'प्रेमानंद, तू दिलदार माणूस आहेस, पण बोलतो ते कधी खरं असते?' त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

रायपूरला मी जाणार नाही. बायकोला घेऊन या असं सांगितलं होतं. पायलला उद्या फोन करून डोळ्याचं ऑपरेशन नव्हतं एवढं सांगेन. पुढचं तुला वाटेल ते तू सांग.

निघताना तुळसाबाईनं मला एक स्टीलचा डबा दिला. तू स्टेशनकडे वळलीस आणि पुन्हा मागे येऊन तिच्या हातात ठेवलास म्हणे, 'त्यायले देऊन द्या, आणलाच आहे तं.' जवसाची चटणी. तू भंडाऱ्याला बसून भाजून कुटलेली, माझं पहिलं पत्र वाचून.

आज भाकरीसोबत खाल्ली. तू तिच्यात मीठ घातलं नाहीस. बरोबर आहे.

प्रेमानंद